जुना मेपल इव्हॅपोरेटर घेताना काय तपासावं?

सॅपवाला: अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये एक जुना इव्हॅपोरेटर, म्हणजे मेपलचा रस आटवून सिरप करायचा संच, विकायला आहे. 2 बाय 6 फूट, लाकडावर चालणारा. मागे ड्रॉप-फ्लू पॅन (तळाला जाळात लोंबणाऱ्या खोल घड्या, म्हणजे फ्लू, असलेला), पुढे कप्प्यांचा सिरप पॅन. मालक स्टेनलेस सांगतो, पण सांध्यांना सोल्डरिंग दिसतं. कुठल्या वर्षीचा, ते कुठेच लिहिलेलं नाही. आमच्याकडे 120 टॅप (झाडातून रस काढायच्या तोट्या) आहेत, बादल्यांवर. हा आकार पुरेल का? आणि पैसे देण्याआधी काय काय बघू?

फ्लूपॅन: आधी शिसं. बाकी सगळं नंतर. पत्रा स्टेनलेस असला तरी 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच पॅनच्या सांध्यांना शिशाचं सोल्डर वापरलं जात होतं. टिग वेल्डिंगची रेघ बारीक, खवल्याखवल्यांची असते आणि रंग पत्र्यासारखाच. सोल्डर मळकट राखाडी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. खिळ्याने ओरखडलं की मऊ लागतं आणि आतून चकाकतं. मात्र बिनशिशाचं सोल्डरही मऊच असतं, म्हणून ओरखडलेल्या जागी शिशाची चाचणी-काडी घासून बघा. कप्प्यांचे कोपरे, ड्रॉ-ऑफचं (सिरप काढून घ्यायच्या नळाचं) तोंड, रसाची पातळी राखणारा फ्लोट बॉक्स, पितळी व्हॉल्व्ह, सगळीकडे. वर हूड (वाफेचं झाकण) आणि प्रीहीटर (येणारा रस आधीच तापवणारा) असेल तर तांब्याच्या नळ्यांचे सांधेही.

काडी लाल झाली तर तो पॅन सिरपसाठी घेऊ नका. घासून शिसं जात नाही, व्हिनेगरने तर उलट जास्त सुटतं. रस उकळताना आणि रात्रभर तसाच राहिला की त्यात उतरत राहतं. गॅल्वनाइज्ड पॅन असेल तर तोही नकोच.

चुलाण: शिशात पास झाला तर फ्लू पॅन उलटा करायला लावा. मालक टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. हंगाम संपल्यावर फ्लूमध्ये रस राहिला आणि गोठला की फ्लू खालून फुगतात, शिवण फाटते. हाताचा तळवा फिरवला की फुगवटा लगेच कळतो. सिरप पॅनच्या तळावर सरळ पट्टी आडवी धरा. मध्ये उजेड दिसला तर पातळी उतरून पॅन कधीतरी करपला आहे. वाकलेल्या तळावर पातळी सारखी राहत नाही, उंचवटा उघडा पडतो आणि तिथेच पुन्हा करपतं. निळसर डाग किंवा साखर-वाळूचा (रसातल्या क्षारांचा) पांढरा थर यांना घाबरू नका. तो थर व्हिनेगरमध्ये भिजवला की सुटतो.

मग गळतीची चाचणी. पॅन टेकूंवर समतल ठेवा, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा, फ्लूंच्या माथ्यावर दीड इंच येईल इतकं पाणी भरा आणि रात्रभर सोडा. नुसतं तासभर बघून चालत नाही, बारीक भेगा फार हळू पाझरतात.

सॅपवाला: मालकाकडे दुसऱ्या कंपनीचा रेझ्ड-फ्लू पॅनही पडून आहे. हा खराब निघाला तर तो बसेल का?

चुलाण: बहुतेक नाही. ड्रॉप-फ्लूचे फ्लू आर्चच्या (पॅनखालच्या भट्टीच्या) कडांच्या खाली लोंबतात, रेझ्डचे कडांच्या वर असतात. त्यामुळे आर्चची खोली वेगळी लागते. रेझ्डमध्ये मागचा पॅन उंच असल्याने दोन पॅनच्या मध्ये दुसरा फ्लोट हवा. लांबी-रुंदी सारखी असली तरी कंपनीगणिक जोडणीची तोंडं जुळतीलच असं नाही. पॅन आणि आर्च एकत्र मांडून, नळ जोडून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

फ्लूपॅन: आकाराचं गणित. चांगल्या दिवशी टॅपमागे 1 ते दीड गॅलन धरला तर 120 ते 180 गॅलन रस. 2 बाय 6 चा फ्लू असलेला संच चिमणीची ओढ चांगली असेल तर तासाला साधारण 20 ते 25 गॅलन आटवतो, म्हणजे जास्तीत जास्त आठ-नऊ तास. 86 भागिले साखरेचा टक्का, या नियमाने 2 टक्क्यांच्या रसाचे 43 गॅलन आटले की 1 गॅलन सिरप. तेव्हा 120 टॅपना पुरेल. 200 ला रात्र जाईल.

आर्चचं मन लावून बघायचं ते म्हणजे पॅन टेकतात त्या कडा आणि चिमणीचा बुंधा. गंजून मऊ पडले असतील तर पॅन समतल बसणार नाही. जाळी आणि विटा बदलता येतात. जुन्या आर्चमधलं इन्सुलेशन ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, तपासल्याशिवाय खरवडू नका. नव्याने विटा लावताना मागचा उतार फ्लूंच्या बुडाखाली इंचभरावर आणा, नाहीतर जाळ फ्लूंना न शिवता सरळ चिमणीत जातो. पहिली उकळी नुसत्या पाण्याची काढा.