अनुभव धागा: ‘दंड भरून टाक, विषय संपेल’ (बडोदेकरांनो, लिहा जरा)

भाच्याला कॅनडाच्या पीआरसाठी (तिथे कायम राहायचा परवाना) पोलीस क्लिअरन्स हवंय. २०१८ ला थर्टी फर्स्टच्या रात्री मकरपुऱ्याला गाडी अडवली, तोंडाला वास, मग सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं. गुजरातेत ‘पीधेलानो केस’ (दारू प्यायल्याची केस) पोरं हसण्यावारी नेतात. वकील म्हणाला कबूल कर नि मोकळा हो, तर कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसायचं आणि वर दंड, एवढंच. संध्याकाळी घरी आला तर ताईने त्याच्या आवडीची शिकरण केलेली, सुटला म्हणून! आता कळतंय, ते बाकावर बसणं हीच शिक्षा होती, रीतसर कन्व्हिक्शन, म्हणजे गुन्ह्यात दोषी ठरणं. फॉर्मवर ‘कधी दोषी ठरलात का’ याला ‘हो’ लिहायचं की ‘नाही’ यावरून घरात तीन दिवस अबोला आहे. अनुभव लिहा, नावं नकोत.

रावपुरेकर:
‘हो’च लिहा. मी ‘नाही’ लिहिलेलं. सरकारी नोकरीचा अटेस्टेशन फॉर्म (स्वतःची माहिती लिहून द्यायचा), कॉलेजातली हाणामारीची केस, निर्दोष सुटलेलो, म्हटलं सुटलो म्हणजे काय लिहायचं? पण प्रश्न होता ‘कधी अटक झाली होती का’. व्हेरिफिकेशनला पोलिसांनी सगळं कळवलं आणि नोटीस आली, माहिती लपवली म्हणून. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे, किरकोळ गोष्ट असेल तर साहेब दुर्लक्ष करू शकतो, नाहीतर काढू शकतो. आमच्या साहेबाने दुसरं केलं.

दांडियाबाजारची सून:
आमची तर केस अजून चालूच आहे हो, ओट्यावरून शेजाऱ्याशी भांडण, सासऱ्यांवर चार्जशीट. नुसत्या एफआयआरने पासपोर्ट अडत नाही म्हणतात, पण कोर्टात केस उभी राहिली की कोर्टाची परवानगी लागते. १९९३ च्या नोटिफिकेशनप्रमाणे कोर्टाने मुदत लिहिली नाही तर एकच वर्षाचा मिळतो. आमच्या ऑर्डरीत मुदत लिहायची राहिली. एक वर्षाचा पासपोर्ट पोस्टमन घेऊन आला तोवर ऑस्ट्रेलियात नणंदेच्या मुलीचं बारसं होऊन गेलेलं, सासूबाईंनी शिवलेलं झबलं कपाटातच.

माजी आरोपी:
लग्नाचं कुणीच बोलत नाहीये. मी निर्दोष सुटल्याची ऑर्डर लॅमिनेट करून घेऊन गेलेलो. मुलीचे वडील म्हणाले, ‘कोर्टाने सोडलं ते बरोबर, पण पोलिसांनी तुम्हालाच का धरलं?’ पोहे खाऊन परत.

कोर्टाजवळचा:
वकिलाने ‘कबूल कर’ म्हटलं की आधी विचारायचं, रेकॉर्डवर काय राहणार? माझ्या मारामारीच्या केसला १९५८ च्या प्रोबेशन ॲक्टखाली अर्ज टाकला, चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटलो. कलम १२ मुळे दोषी ठरल्याची अपात्रता लागत नाही. तरी फॉर्ममधे विचारलं तर सांगतोच, रावपुरेकरांचं ऐकून तर जास्तच.

धागाकर्ता:
शेवटी भाच्याने ‘हो’ लिहिलं. ताई अजून बोलत नाही त्याच्याशी. आता निकालाची सर्टिफाईड कॉपी हवी, रेकॉर्ड रूममधे गेलो तर शिपाई म्हणे २०१८ चे गठ्ठे वरच्या फळीवर आहेत, शिडी आणायला गेलाय माणूस, गुरुवारी या.