सिनेगॉग, मशीद, पळ्ळी की सभास्थान?

प्रश्न : केरळात उत्तर परवूरला ज्यूंचे जुने प्रार्थनास्थळ पाहून आलो. आता तिथे केरळी ज्यूंच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. लिहायला बसलो आणि ‘माजी सिनेगॉग’पाशी अडलो. मराठी शब्द आहे का? तिथले लोक ‘जूतपळ्ळी’ म्हणतात. पण पळ्ळी म्हणजे चर्च ना?

उत्तर : चर्चही आणि मशीदही. मल्याळममध्ये तिन्हींना पळ्ळीच. कुणाची, ते आधी जोडायचे. मराठीनेही तेच केले आहे. आपले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठीभाषक ज्यू, सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत आले. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली बांधवलेले ‘शार हारहमीम’ म्हणजे ‘जुनी मशीद’. मस्जिद स्टेशनचे नाव तिच्यावरूनच पडले, असे सांगतात. पुण्यात ओहेल डेव्हिड या सिनेगॉगला सगळे ‘लाल देऊळ’ म्हणतात. विटांचा लाल रंग आणि उंच मनोरा पाहून लोकांनी ठेवलेले हे नाव मला फार आवडते.

मराठी बायबलमध्ये ‘सभास्थान’ आहे. अर्थाने हा सर्वांत नेमका, कारण हिब्रू ‘बेथ क्नेसेथ’ म्हणजे जमण्याचे घर. पूर्ण सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात; त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. १९४८ नंतर केरळचे बहुतेक ज्यू इस्राएलला गेले आणि गावोगावच्या पळ्ळींत दहा माणसे जमेनात. भिंती उभ्या, सभा नाही. परवूरची मूळ हेखाल, म्हणजे तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ ठेवायचे कोरीव लाकडी कपाट, तीही जेरुसलेमच्या संग्रहालयात गेली; तुम्ही पाहिली ती प्रतिकृती.

‘माजी’ मात्र नको. माजी आमदार असतो, माजी विद्यार्थी असतो; वास्तूला ‘पूर्वीचे’ किंवा ‘जुने’ म्हणावे. आणि सिनेगॉग नपुंसकलिंगीच बरे वाटते : ते सिनेगॉग.

प्रश्नकर्ता : मग ‘परवूरच्या जुन्या जूतपळ्ळीतले संग्रहालय’ असे लिहितो, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे ज्यूंचे सभास्थान’ एवढे जोडतो. जवळच्या चेंदमंगलमलाही असेच संग्रहालय आहे. तिथे अंगणात सारा बत इस्राएल या बाईचा १२६९ सालचा थडग्याचा दगड आहे. यातल्या ‘बत’चा अर्थ?

उत्तर : मुलगी. इस्राएल नावाच्या माणसाची मुलगी सारा. मराठीत ‘सारा इस्राएलकन्या’ करू नका, ‘बत’ तसाच ठेवा. दगडावर कोरलेले तिचे नाव तेच आहे.