मदत हवी आहे : ६० लाखांचा रीसेल फ्लॅट, किमतीवरचा खर्च किती धरावा?

निवारा_शोधते :

नमस्कार मंडळी. आम्ही नवराबायको पुण्यात सिंहगड रस्त्याला, धायरीत एक टू बीएचके घेतोय. २०११ ची इमारत, चौथा मजला, भोगवटा पत्र आहे, सोसायटी नोंदणीकृत आहे. मालकीणबाई ७८ वर्षांच्या, एकट्या राहतात, आता मुलीकडे नाशिकला चालल्यात. घरावर त्यांचं कर्ज नाही. सौदा ६० लाखांना ठरला आणि गेल्या रविवारी १ लाख विसार चेकने देऊन पावती घेतली.

बँकेने ४८ लाख मंजूर केलेत. म्हणजे १२ लाख आमचे. आमच्याकडे सगळे मिळून १८ लाख १० हजार आहेत : दोघांच्या एफडी, माझी भिशी आणि सासूबाईंनी पाटल्या मोडून दिलेले ३ लाख. १२ गेले तरी ६ लाख १० हजार उरतात, त्यात बाकीचं भागेल असं धरून चाललो होतो.

काल एजंटकाकांनी लाइट बिलाच्या पाठकोऱ्या बाजूला हिशेब लिहून दिला. स्टँप ड्यूटी ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार, नोंदणी ३० हजार, त्यांचं कमिशन १ टक्का म्हणजे ६० हजार, करारनामा करणाऱ्या वकिलांचे १५ हजार. बँकेच्या कागदावर प्रोसेसिंग फी जीएसटीसकट १९,८२४, सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकनाचे ९ हजार, तारणाची ड्यूटी आणि नोटीस फायलिंग (तारणाची सरकारदरबारी नोंद) मिळून १५,४०० आणि शेवटी ‘कर्ज सुरक्षा विमा ९२ हजार’. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ट्रान्स्फरचे २५ हजार आणि इमारत निधीला १ लाख, सगळेच देतात.

हे सगळं ७ लाख ८६ हजार २२४ होतं. १२ लाख धरून १९ लाख ८६ हजारांच्या वर. पावणेदोन लाख कमी पडतायत, आणि यात सामान हलवणं, रंग, खिडक्यांच्या जाळ्या काहीच धरलेलं नाही. सासूबाईंकडे पुन्हा हात पसरायचा नाही, हे आमचं पक्कं ठरलंय. पर्सनल लोनही नको, हप्ता झेपणार नाही.

यातलं खरोखर द्यावंच लागतं ते काय आणि नुसतं यादीत घुसवलेलं काय, हे कुणी सांगेल का? स्टँप ड्यूटीचे पैसे कर्जात मिळत नाहीत का? आणि घर फक्त माझ्या नावावर घेतलं तर ड्यूटी १ टक्का कमी लागते म्हणतात, ते खरं आहे का? पगार दोघांचे आहेत, कर्ज दोघांच्या नावावर आहे.

आकडेमोड :

ताई, बरं झालं विसाराच्याच टप्प्यावर विचारलंत. बरेच जण नोंदणीच्या आदल्या आठवड्यात जागे होतात.

ड्यूटी कर्जात मिळत नाही. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि घर १० लाखांच्या वरचं असेल तर त्या किमतीत स्टँप ड्यूटी, नोंदणी धरत नाहीत. ते पैसे तुमच्याच खिशातून, तेही बँकेचा पहिला रुपया सुटण्याआधी. कारण करारनामा नोंदल्याशिवाय बँक चेक काढत नाही. म्हणून नुसती बेरीज करू नका, कुठला पैसा कुठल्या तारखेला लागणार तेही शेजारी लिहा.

पुण्याचे ७ टक्के म्हणजे ५ मुद्रांक शुल्क, १ स्थानिक संस्थेचा अधिभार आणि १ मेट्रोचा. मेट्रोचा मधली दोन वर्षं माफ होता, १ एप्रिल २०२२ पासून परत लागला. महिलेच्या नावाने खरेदी असेल तर ६ टक्के, हे खरं आहे. फक्त खरेदीदारांत एकही पुरुष नको. नवऱ्याचं नाव जोडलंत की सवलत गेली. आधी १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली.

आता एजंटच्या हिशेबातली चूक. ड्यूटी करारातल्या किमतीवर लागत नाही, करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त त्यावर लागते. त्यांनी ६० लाख गृहीत धरलेत. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-एएसआर या तक्त्यात तुमच्या विभागाचा रेडी रेकनर दर, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर बघा, किंवा वकिलांकडून मूल्यांकन काढून घ्या. इमारत जुनी असल्यामुळे घसारा (जुनेपणाची वजावट) मिळेल, तो धरायला सांगा. नोंदणी फी मात्र ३० हजारांवर जात नाही. पानामागे हाताळणी शुल्क असतं ते वेगळं.

आणखी एक, जे तुमच्या यादीतच नाही. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या नावाने आगाऊ आयकर, कापून भरायचा असतो. हा वरचा खर्च नव्हे, मालकीणबाईंच्या पैशातूनच कापायचा. पण बँक बहुधा तिचे ४८ लाख पूर्ण देते, त्यामुळे हा टक्का तुमच्या १२ लाखांतून बाजूला काढावा लागतो. विसाराच्या १ लाखातूनही १ हजार कापायला हवे होते. ते पुढच्या रकमेत जुळवून घ्या आणि विसार दिला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांच्या आत भरा. पॅनवर भरता येतो, टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर) काढावा लागत नाही. बाजारमूल्य जास्त निघालं तर टीडीएसही त्यावरच.

जुना_सचिव :

मी अकरा वर्षं सोसायटीचा सचिव होतो, म्हणून हे लिहिणं माझं कर्तव्य समजतो. शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची (तुमचे सेक्रेटरी म्हणतात ते ट्रान्स्फरचे पैसे) कमाल मर्यादा २५ हजार आहे. त्याशिवाय हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १००. संपलं. देणगी, इमारत निधी, विकास निधी असं कोणतंही नाव देऊन वर सक्तीने घेता येत नाही. ‘सगळेच देतात’ हे वाक्य मी स्वतः कमिटीच्या बैठकीत ऐकलेलं आहे आणि दर वेळी मागितलं आहे की ठराव दाखवा, उपविधीतला क्रमांक दाखवा. दाखवता येत नाही.

भांडू नका. तुम्हाला तिथे आयुष्य काढायचं आहे. परिपत्रकाची प्रत जोडून साधं पत्र द्या : नियमानुसार रक्कम चेकने भरायला तयार आहोत, पावती मिळावी. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बहुतेक कमिट्या लेखी काही आलं की नियमावर येतात. २५ हजार निम्मे निम्मे करायची पद्धत आहे, मालकीणबाईंशी आताच बोलून घ्या. त्यांच्याकडून सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि मिळकत कराची शेवटची पावती मागायला विसरू नका, जुनी बाकी घराबरोबर तुमच्या गळ्यात पडते.

टेकडीवाट :

९२ हजारांचा विमा कर्जाची अट नाही. आम्हालाही असाच यादीत टाकून दिला होता. ‘हा विमा सक्तीचा असल्याचं लेखी कळवा’ एवढीच मेल केली, दोन दिवसांत सुधारित कागद आला. घरात कमावते दोघे असाल तर साधा टर्म विमा स्वतंत्र घ्या, पुष्कळ स्वस्त पडतो.

निवारा_शोधते :

किती आभार मानू! काल रात्री दोघं वही घेऊन बसलो. वकिलांनी घसारा धरून मूल्यांकन काढलं, ते ६२ लाख ४० हजार आलं. म्हणजे ७ टक्क्यांनी ड्यूटी ४,३६,८००. एजंटकाकांच्या आकड्यापेक्षा जवळजवळ १७ हजार जास्त. फक्त माझ्या नावावर घेतलं तर ३,७४,४००. फरक ६२,४०० चा.

विमा आणि इमारत निधी काढला, ट्रान्स्फरचे निम्मे धरले, तर माझ्या एकटीच्या नावावर सगळं मिळून सुमारे १७ लाख ३७ हजार होतात. हातात ७३ हजार उरतात. दोघांच्या नावावर घेतलं तर जेमतेम १० हजार. त्यातच टेंपो, रंग आणि एक महिना घरभाडं आणि हप्ता दोन्ही.

नवरा म्हणतो तुझ्याच नावावर घे. पण पाटल्या त्याच्या आईच्या गेल्यात आणि कागदावर त्या दोघांचं नावच नसणार, हे माझ्या मनाला पटत नाहीये.

गच्चीतली_तुळस :

सासूबाईंचं नाव तुमच्याबरोबर घालता येईल की. दोघीही बायकाच, सवलत राहते. आम्ही आई आणि मी असंच घेतलंय.

आकडेमोड :

हे बरोबर आहे, पण दोन गोष्टी बोलून घ्या. सहमालक झाल्या की बँक त्यांना सहकर्जदार व्हायला सांगेल, म्हणजे मंजुरीचे कागद पुन्हा. आणि पुढे त्यांचा हिस्सा त्यांच्या सगळ्या वारसांचा असेल. नणंद-दीर असतील तर इच्छापत्र आताच करावं, संबंध गोड असतानाच.

नवऱ्याचं नाव पुढे बक्षीसपत्राने (मोबदला न घेता हिस्सा देण्याचा दस्त) घालता येतं. राहतं घर पती-पत्नीत बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये असतं, अधिभार वगैरे वेगळे. पण घर तारण असेपर्यंत बँकेची संमती लागेल. आणखी एक : सहकर्जदार असला तरी मालक नसलेल्याला व्याजाची करसवलत मिळत नाही. जुन्या करप्रणालीत असाल तर हा तोटा ६२ हजारांसमोर मांडून बघा. नव्या प्रणालीत स्वतः राहायच्या घराला तो प्रश्नच येत नाही.

६२.४० आणि ६० मधल्या फरकाची आयकराच्या दृष्टीने काळजी नको, १० टक्क्यांच्या आत आहे.

धायरीफाटा :

नोंदणीच्या दिवसाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचे विक्रेते ८१ वर्षांचे होते. दुय्यम निबंधक कार्यालयात नंबर आला, फोटो झाला आणि काकांचा अंगठा मशीन घेईना. झिजलेली बोटं. ओला रुमाल, कोरडा रुमाल, डावा अंगठा, उजवा अंगठा, पुन्हा फुंकर. पाऊण तास गेला, मागची रांग चुळबुळ करायला लागली आणि काकांचे हात थरथरायला लागले. शेवटी उजव्या हाताचं बोट लागलं. तुमच्या मालकीणबाई ७८ च्या आहेत, त्यांचं आधार आधीच अपडेट करून घ्या, बोटं घेतली जातात का ते तिथे कळेल. सकाळची लवकरची वेळ घ्या, त्यांच्यासाठी पाणी आणि काही खायला न्या. डेटा एंट्रीचा मसुदा स्वतः वाचा, आमच्यात फ्लॅट नंबर चुकला होता. दोन साक्षीदार ओळखपत्रांसकट.

आणि घरात राहायला गेलात की मिळकत कराला नाव लावताना पीटी-३ अर्ज द्या. पुणे महापालिकेत स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत आहे, मालक बदलल्यावर ती आपोआप येत नाही. महावितरणचं मीटरही लगेच नावावर करून घ्या.

निवारा_शोधते :

दहा दिवसांनी लिहितेय, कामं एकामागून एक सुरू होती.

सोसायटीला पत्र दिलं, जुना_सचिव काकांनी सांगितलं अगदी तसंच. सेक्रेटरींनी दोनदा वाचलं, कमिटीला दाखवतो म्हणाले, आणि चौथ्या दिवशी २५ हजारांचंच मागणीपत्र आलं. मालकीणबाई निम्मे देतायत. त्यांनी स्वतःहून थकबाकी नसल्याचा दाखलाही आणून ठेवलाय. बँकेने विमा काढून टाकला. टीडीएसचे ६२,४०० एका वेगळ्या खात्यात ठेवलेत म्हणजे चुकून खर्च होणार नाहीत, आणि त्यातले विसारावरचे १ हजार भरूनही टाकले.

नावाचं सासूबाईंना विचारलं. सगळं समजावून सांगितलं, हिस्सा, वारस, इच्छापत्र. त्या ऐकत होत्या आणि शेंगा सोलत होत्या. मग म्हणाल्या, ‘माझं नाव नको, परत बँकेत सह्या करायला मला कुठे नेता. देव्हारा पूर्वेच्या भिंतीला लाव, तेवढं बघ.’ आम्ही दोघंही नव्या करप्रणालीत आहोत, त्यामुळे घर माझ्या नावावर घेतोय. पाटल्यांचे ३ लाख परत करायचे असं मी आणि नवऱ्याने वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवलंय, दर महिन्याला ५ हजार.

नोंदणी येत्या मंगळवारी, सकाळी साडेदहाची वेळ मिळाली. मालकीणबाईंना घेऊन परवा आधार केंद्रावर जाऊन आलो. डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या फटक्यात लागलं.