माळवद काढून स्लॅब टाकण्याआधी

मंगळवेढ्याकडच्या दगडी वाड्याचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, गळतंय, त्याच भिंतींवर स्लॅब टाकावा का, असं एकानं विचारलंय. घाई नको, आधी भिंत वाचा. कोपऱ्यात दगड एकमेकांत न गुंतता सरळ उभी सांध दिसली, तर घराचा तो खण, म्हणजे तो भाग, नंतर जोडलेला. दोन्ही भाग वेगवेगळे खचतात, चीर तिथंच पडते. सिमेंट भरलं तरी पुन्हा उघडते. बाहेरून घडीव काळा दगड दिसला तरी भिंतीच्या पोटात बहुधा चिपा नि माती असते. सिमेंटच्या गिलाव्यानं ओल आत कोंडते आणि भिंत पोट काढते. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यातच भरा, 1 भाग चुना, 3 भाग वाळू.

गळतीचं खरं कारण बहुतेकदा वजन. दरवर्षी माळवदावर पांढरी माती टाकत थर फूटभर झाला, की चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भार येतो. तुळई वाकते, मधे खळगा पडतो, पाणी पन्हाळीपर्यंत जातच नाही. जुना थर किलचणापर्यंत, म्हणजे तुळयांवरच्या लाकडी पट्ट्यांपर्यंत, उतरवा आणि तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं सळईनं टोचून पाहा. वाळवी तिथंच लपते. नवा थर पांढरीचाच, उतार पन्हाळीकडे. शेतातली काळी माती फुकट मिळते खरी, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्याच पावसात घर गळतं.