महिन्यातून एकदाचा इव्हनसाँग, तोही बंद व्हायच्या बेतात. काय करावं?

मंद्रसप्तक:
नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे: इव्हनसाँग, म्हणजे चर्चमधली गाऊन म्हटली जाणारी संध्याकाळची उपासना. पण इथे इंग्लंडात राहणारे आणि गाणारे बरेच आहेत म्हणून विचारते.

मी मिडलंड्समधल्या एका लहान गावात राहते. ख्रिस्ती नाही. बारा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात बस चुकली, पाऊस लागला, म्हणून चर्चच्या दारात उभी राहिले. आत सात-आठ जण गात होते. ताल नाही. एका सुरावर शब्द बोलल्यासारखे सरळ चाललेत, अर्धी ओळ संपताना तीन सूर हलतात, जरा थांबतात, आणि उरलेली ओळ तशीच पुन्हा. मला वाटलं कोणीतरी पोथी वाचतंय. पुढची बसही गेली. दोन महिन्यांनी मी त्यांच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, आल्टोत (बायकांच्या खालच्या आवाजात) उभी होते. कॉयरमास्तरांनी धर्म विचारला नाही, ‘नोटेशन वाचता येतं का’ एवढंच विचारलं. येत नव्हतं. त्यांनी शिकवलं.

आमच्याकडे दर तिसऱ्या रविवारी साडेसहाला १६६२च्या प्रेअर बुकाप्रमाणे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे, उपासना होते. गेल्या वेळी १५ तारीख होती. ज्यांना माहीत आहे ते आत्ताच हसले असतील. त्या पुस्तकात स्तोत्रं तारखेप्रमाणे ठरलेली; १५ तारखेच्या संध्याकाळी स्तोत्र ७८ असतं, त्र्याहत्तर ओव्यांचं. आमचा एकुलता एक टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, खुबा बदललेला. चाळिसाव्या ओवीच्या आसपास तो खाली बसला. मग आमचा सूर उतरत गेला, ऑर्गन मात्र जागच्या जागी. शेवटी ऑर्गनवाल्या बाईंनी वाजवणंच थांबवलं आणि उरलेल्या ओव्या आम्ही वाचून काढल्या. ऐकायला अकरा जण, गायला नऊ.

नंतर चहाच्या वेळी नव्या व्हिकरबाई, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, म्हणाल्या, ‘याचा एकदा विचार करायला हवा.’ त्याऐवजी टेबलं मांडून, कॉफी पीत, गप्पा मारत संध्याकाळ करायची असं त्यांच्या मनात आहे. बाई वाईट नाहीत. तीन चर्चेस सांभाळतात, आणि दगडी चर्च तापवायचं बिल कोणालाही घाम फोडेल. पण मला हे जायला नकोय. भीक न मागता, भांडण न करता टिकवता येईल का?

खर्जातला:
ताई, आधी रविवार बदला. तिसरा रविवार कायम १५ ते २१ याच तारखांत पडतो. संध्याकाळची स्तोत्रं बघा: १५ला ७८, १७ला ८९, २०ला १०४, २१ला १०६. सगळे डोंगर तुमच्याच वाट्याला! मूळ प्रेअर बुक रचणाऱ्या आर्चबिशप क्रॅन्मरने दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत बसवली ती रोज सकाळ-संध्याकाळ म्हणणाऱ्यांसाठी. दुसऱ्या रविवारी ११ला ५९ ते ६१ येतील, १२ला ६५ ते ६७. दमछाक नाही. आणि रविवारसाठी वेगळी, आटोपशीर स्तोत्रं लावायची मुभाही आहे, त्यात कमीपणा नाही.

दुसरं, चार आवाजांचा हट्ट सोडा. मी तीस वर्षं बास, म्हणजे खर्ज, गातोय. उन्हाळ्यात कॅथीड्रलची मुलं सुट्टीवर गेली की आमच्यासारखे पाहुणे कॉयर आठवडाभर तिथे गातात. तिथे संगीतकार हॉवेल्सची ग्लॉस्टर सर्व्हिस गाताना अंगावर काटा येतो, कबूल. पण ती १९४६ची रचना कॅथीड्रलच्या घुमाऱ्यासाठी लिहिलेली. नऊ जणांनी गावच्या चर्चमध्ये ती ओढत न्यायची म्हणजे हौसेला मोल नाही इतकंच. मरबेक नावाच्या संगीतकाराने १५५०मध्येच प्रेअर बुकाला साध्या चाली लावून दिल्यात, बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एक सूर. इव्हनसाँगमधल्या दोन ठरलेल्या गीतांपैकी मॅग्निफिकाट एकसुरात, म्हणजे सगळ्यांनी एकच चाल, गा, नुंक दिमित्तिस नुसतं वाचा.

प्रेअर बुकातली ती सूचना आठवते ना, तिसऱ्या प्रार्थनेनंतरची? ‘जिथे गाणारे असतील तिथे’ अँथम, म्हणजे कॉयरचं स्वतंत्र गीत. म्हणजे जिथे नसतील तिथे अँथमशिवायही उपासना पुरी होते, हे १६६२मध्येच गृहीत धरलंय. पुस्तक तुमच्या बाजूने आहे.

आणि ओव्या म्हणताना ठेका धरत असाल तर तो आजच सोडा. एकदा सगळ्यांनी न गाता, नुसतं एकत्र वाचून बघा. श्वास जिथे पडेल तिथेच गाताना घ्या. मधल्या विरामाला घाई नको. टेनर दमतो तो सुरांनी नाही, ओढाताणीने.

वाकडी_वाट:
मी जरा उलटं बोलतो, राग नको. अकरा जणांसाठी चर्च तापवायचं, तेही चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीसाठी? स्तोत्रं तर कव्हरडेलच्या भाषांतरातली, १५३९च्या बायबलातली. शाळेतल्या पोराला त्यातलं काय कळणार? कॅथीड्रलात जाऊन बसणारे बरेच लोक फुकटची मैफल म्हणून बसतात. ते टिकवायला कॅथीड्रलं आणि केंब्रिजची कॉलेजं आहेत, १९२६पासून बीबीसी रेडिओवर दर आठवड्याला लावतेय. गावच्या चर्चने गावच्या माणसांकडे बघावं की नाही?

मंद्रसप्तक:
वाकडी_वाट, राग नाही. पण रेडिओवर ऐकणं आणि थंडगार बाकावर बसून शेजारच्याबरोबर तेच शब्द म्हणणं, यात फरक आहे हो. ‘आमचा अंधार उजळ’ ही प्रार्थना डिसेंबरात, खिडक्या काळ्या झालेल्या असताना ऐका. इंग्रजी जुनं असलं तरी कळतं. आमच्या अकरा जणांतला एक ट्रक चालवतो. शेवटच्या बाकावर बसतो, पुस्तक उघडत नाही, त्याला पाठ आहे. गावचा माणूसच तो.

आणि हे बंद पडून पुन्हा सुरू झालेलं आहे. १६४५मध्ये पार्लमेंटने प्रेअर बुकावर बंदी घातली, कॉयर मोडले. १६६०मध्ये राजा परतला तेव्हा पंधरा वर्षांचा खंड पडलेला. त्यामानाने माझ्यापुढे एक हीटरचं बिल आहे.

शिस्तीतली:
नियमांचं सांगते, कारण ही चूक सगळे करतात. कोणत्या पद्धतीची उपासना करायची हे एकट्या व्हिकरने ठरवायचं नसतं. व्हिकर आणि चर्चची कौन्सिल मिळून ठरवतात, चर्चच्या नियमांतला कॅनन बी ३ वाचा. कौन्सिल निवडली जाते ३१ मेच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत, आणि तिथे मत असतं ते चर्चच्या मतदारयादीत नाव असलेल्यांना. त्यासाठी बाप्तिस्मा लागतो, वय सोळा. म्हणजे मंद्राताई, तुम्ही बारा वर्षं गाताय तरी मत नाही. पण ते अकरा जण? त्यांच्यातल्या कितींची नावं यादीत आहेत? माझ्या अनुभवात संध्याकाळी येणारे लोक सकाळच्या कागदपत्रांत नसतात, मग कौन्सिलच्या लेखी ते नसतातच.

हे भांडण नव्हे. आणि कॉफीला विरोध करू नका. पाऊण तास इव्हनसाँग, मग कॉफी, असं सुचवून बघा.

मंद्रसप्तक:
उशिरा लिहितेय. यादीत अकरापैकी चारच जणांची नावं निघाली. आता आठ आहेत. ट्रकवाल्याला बाप्तिस्म्याचं विचारलं तर म्हणाला, ‘याच चर्चमध्ये झाला, त्याच कुंडात,’ आणि बोट दाखवलं.

व्हिकरबाईंनी हिवाळ्यापुरतं मान्य केलंय: दुसरा रविवार, वेळ दुपारी चारची म्हणजे हीटर सकाळच्या उबेवर भागतो, आणि मागे कॉफी. पहिल्या वेळी ११ तारीख आली. खर्जातला दादांनी सांगितल्यासारखी तिन्ही स्तोत्रं आधी वाचली, मग गायली. आमचा टेनर शेवटपर्यंत उभा होता. मॅग्निफिकाट एकसुरात गायलो तेव्हा तो कुरकुरला, की मग मी कशाला येऊ? त्याला प्रीसेस, म्हणजे बाकीचे ज्यांना उत्तर देतात त्या छोट्या ओळी, गायला दिलेत, एकट्याने. हल्ली अर्धा तास आधी येऊन घसा साफ करत बसतो.

आता आल्टोत माझ्याशेजारी कोणी नाही. ती बाई मुलीकडे राहायला गेली.

खर्जातला:
लेस्टरपासून किती लांब आहात? फेब्रुवारीचा दुसरा रविवार मोकळा आहे, आणि बायको आल्टो गाते.