खुनी कोण ते आधीच कळलं! रहस्यकथावाल्यांनो, अनुभव सांगा

नौपाडाकर
परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये चक्क बसायला जागा मिळाली म्हणून पिशवीतून नवीकोरी थरारकादंबरी काढली. ऐरोली गेलं, रबाळे गेलं, मी पार गुंग. घणसोलीला शेजारचे काका उठता उठता कव्हरकडे बघून म्हणाले, "छान आहे. मेहुणाच असतो पण." आणि उतरले! अर्धं पुस्तक बाकी होतं हो माझं.

तेव्हापासून आजोबांचं कपाट आठवतंय. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, धनंजय, काळापहाड, सगळे खाकी कव्हर घालून ओळीने. आजोबा ती पुस्तकं रद्दीवाल्याकडून वजनावर आणायचे, त्यामुळे बऱ्याच पुस्तकांची शेवटची पानं गायब. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या कितींचे शेवट आमच्या घरी आजोबांनी बदलले देव जाणे. रात्री जेवणं झाली की स्वतःच शेवट रचून सांगायचे. आत्या म्हणते, कथा कुठलीही असो, खुनी कायम घरमालक निघायचा. (आमची घरमालकाशी केस चालू होती.)

तर तुमचा शेवट कोणी फोडला? आणि या महिन्यात काय वाचताय तेही लिहा, मला नवीन पुस्तक लागणारच आहे आता.

फोडणीचा_भात
मेहुणाच असतो पण!! मेले हसून. कुकर लावलाय, नंतर येते नीट लिहायला.

कोलशेतचा_कोल्हा
ते सगळं राहू द्या, बसायला जागा कशी मिळाली ते सांगा.

नौपाडाकर
पनवेल सोडायची, वाशी पकडायची. आणि नऊ-दहा नंबरवर गाडी लागायच्या आधी जाऊन उभं राहायचं.

कोलशेतचा_कोल्हा
आधी म्हणजे आदल्या दिवशी का?

सेक्टर_सोळा
आमच्या वाचनालयात एक अज्ञात सद्गृहस्थ आहेत. रहस्यकथा दिसली की पेन्सिलीने समासात लिहितात. अक्षर अगदी मोत्यासारखं. "याच्यावर लक्ष ठेवा." "खोटं बोलतोय, तेव्हा पाऊस नव्हता." एकदा तर चाळिसाव्या पानाच्या आसपासच "हिच्यावर संशय घेऊ नका, बिचारी पुढे मरते." ग्रंथपालबाईंना दाखवलं तर त्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढून दिला.
पण त्यांचा अंदाज बऱ्याचदा साफ चुकतो. चुकला की शेवटच्या पानावर लेखकाला सुनावतात: "हे पटत नाही." एकदा खाली तारीख घालून सहीसुद्धा केली होती. आता मी पुस्तक घेताना आधी समास बघते. कोरा असेल तर जरा हिरमोड होतो.

नौपाडाकर
या माणसाला इथे आणा कोणीतरी.

पाचपाखाडी_पंत
लंडनला अगाथा ख्रिस्तीबाईंचं 'द माउसट्रॅप' १९५२ पासून चालू आहे, कोविडमध्ये बंद होतं तेवढंच. प्रयोग संपल्यावर नट प्रेक्षकांना सांगतात, खुनी कोण ते बाहेर बोलू नका. आणि लोक पाळतात म्हणे!
आपल्याकडे गडकरीला एका रहस्यनाटकाच्या मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभा होतो. पुढच्या बाई फोनवर बहिणीला अख्खी गोष्ट सांगत होत्या. दुसऱ्यांदा आल्या होत्या नाटकाला. रांग सोडावी तर वडा जातो, थांबावं तर शेवट जातो.
थांबलो. वडे नुकतेच घाण्यातून निघत होते.

घोडबंदरची_गर्दी
योग्य निर्णय पंत.

फोडणीचा_भात
आले. शिव्या घाला, पण मी शेवटचं पान आधी वाचते. कायम. नवऱ्याची रात्रपाळी असते, मुलगा झोपलेला, बाराव्या मजल्यावर येऊरकडून वारा असला सुटतो की बाथरूमचं दार आपोआप वाजतं. त्यात कोण मरणार हे माहीत नसलं तर मला पाणी प्यायलाही उठवत नाही. आधी बघून घेते, कुत्रा जिवंत राहतो ना, मूल जिवंत राहतं ना. मग आरामात वाचते.

सेक्टर_सोळा
कुत्र्याचं मीही बघते.

पाचपाखाडी_पंत
शेवट आधी वाचायचा तर रहस्यकथा कशाला, पंचांग वाचा.

रात्रपाळी
पंत, असं नाही हां. केइगो हिगाशिनोंचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्या. मूळ जपानी २००५ चं, इंग्रजीत मिळतं. खून सुरुवातीलाच आपल्यासमोर होतो, कोणी केला, का केला, सगळं माहीत. शेजारी राहणारा गणिताचा मास्तर प्रकरण दडपायला मदत करतो, तेही माहीत. तरी मी महापेला कामाला असताना ब्रेक संपला तरी कँटीनमध्येच बसलो होतो. नक्की काय दडपलंय ते शेवटी कळतं आणि आपण गपगार. माझ्या मते चांगलं पुस्तक फोडून फुटत नाही. मेहुणा कळल्याने जे पुस्तक संपलं ते तसंही फार चांगलं नसणार.
(उलट बाजूने: ख्रिस्तीबाईंचं १९२६ चं रॉजर अ‍ॅक्रॉइडवालं कोणी फोडलं तर मात्र मी भांडेन. ते कोरंच वाचायचं.)

नौपाडाकर
हे घेतो. आणि मेहुण्याचं पुस्तक पुरं केलं काल. खरंच मेहुणा. पण कारण काकांनी सांगितलं त्याहून भारी होतं, म्हणजे त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

घोडबंदरची_गर्दी
आमच्या आईला रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब' दिलं. वृद्धांच्या वसाहतीतली चार म्हातारी माणसं दर गुरुवारी जमून जुन्या खुनांचा तपास करतात, इतकं गोड आहे! पहिलं २०२० ला आलं, पाचवं २०२५ ला. आई सध्या तिसऱ्यावर आहे.
परिणाम असा की तिच्या कट्ट्यावरच्या बायकांनी सोसायटीत चपला कोण पळवतं याचा तपास सुरू केलाय. वॉचमनचा जबाब झाला. सी विंगच्या सेक्रेटरींना "तुम्ही मंगळवारी सातला कुठे होता" विचारलं. ते आता लिफ्ट सोडून जिन्याने जातात.

फोडणीचा_भात
जिन्याने जातात म्हणजे तेच.

घोडबंदरची_गर्दी
आईही हेच म्हणाली!

रात्रपाळी
सुहास शिरवळकर कोणीच काढले नाहीत अजून? त्यांच्या दारा बुलंदच्या रहस्यकथांवर वाढलोय आम्ही. वाशीत कोणाकडे असतील तर अदलाबदल करू, माझ्याकडे त्यांचाच फिरोज इराणी आहे थोडा.

सेक्टर_सोळा
माझ्याकडे दोन दारा आहेत, पण एकावर आमच्या सद्गृहस्थांसारखंच मी लिहिलंय. चालेल?

रात्रपाळी
पळेल. शेवट नाही ना लिहिला?

सेक्टर_सोळा
नाही हो. फक्त तिरकस शेरे.

कोलशेतचा_कोल्हा
पंत, तो वडा हल्ली केवढ्याला आहे?