मदत हवी आहे: ओस पडलेल्या घरांसाठी लँड बँक. पैशाची तरतूद कशी मांडावी?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत काउंटी किंवा सिटीच्या कामाशी संबंध आलेलं इथे कुणी असेल तर मदत हवी आहे. थोडं लांबलंय, पण कृपया पूर्ण वाचा.

आमच्या शेजारचं घर नऊ वर्षं बंद आहे. आजोबा गेले, मुलं दुसऱ्या राज्यांत, मालमत्ता कर थकत गेला. थकबाकीच्या लिलावात ते दोनदा विकलं गेलं. दोन्ही वेळा घेणाऱ्याने घर न बघताच घेतलं, आणि नंतर ना छप्पर दुरुस्त केलं, ना कर भरला. मागच्या हिवाळ्यात आत पाइप फुटला, तळघर भरलं, आता आमच्या बाजूच्या भिंतीलाही ओल येते. गल्लीत अशी आणखी तीन घरं आहेत. आम्ही रहिवाशांनी पाठपुरावा केला तेव्हा कौन्सिलवरच्या बाई म्हणाल्या, लँड बँकेचा दोन पानी प्रस्ताव द्या, मी मांडते. लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

लँड बँकेची मूळ कल्पना पटली आहे. कर थकलेली मालमत्ता लिलावात जाण्याऐवजी सार्वजनिक संस्थेकडे येते. ती संस्था, म्हणजे लँड बँक, मालमत्तेवरचे जुने बोजे (थकलेली कर्जं, दावे) उतरवून निर्वेध मालकी हक्क तयार करते, मग घर दुरुस्त करते, पाडते किंवा अटी घालून विकते. फ्लिंटमध्ये (जेनेसी काउंटी, मिशिगन) 2002 साली काउंटीचे ट्रेझरर डॅन किल्डी यांनी हेच सुरू केलं. पाडलेल्या घराची मोकळी जागा तिथे लगतच्या घरमालकाला अगदी कमी किमतीत देतात. आमच्या गल्लीला ही सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

पण सेंट लुईसचं (मिझुरी राज्यातलं शहर) वाचून धास्ती वाटते. तिथली लँड बँक 1971 पासून आहे, देशातली पहिली, आणि आजही हजारो मालमत्ता तिच्याकडे पडून आहेत. कुणालाच नको ती घरं तिच्याकडे येणार, मग गवत कापणं, दारं-खिडक्या फळ्यांनी बंद करणं, पाडकाम, सगळा खर्च तिचाच. कायमचं उत्पन्न नसेल तर आज बेपत्ता मालकाचं असलेलं पडकं घर उद्या सरकारी पडकं घर होईल, एवढंच. शेजारी राहणाऱ्याला काय फरक पडला?

म्हणून माझा मुख्य प्रश्न पैशाचा आहे. दोन नमुने सापडलेत. ओहायोत थकीत करावरचा दंड आणि व्याज यातला वाटा लँड बँकेकडे वळवता येतो. क्लीव्हलंडची कायाहोगा काउंटी लँड बँक 2009 पासून मुख्यतः त्यावरच चालते. मिशिगनमध्ये लँड बँकेने विकलेल्या मालमत्तेच्या कराचा निम्मा भाग पाच वर्षं तिला मिळतो. दुसऱ्या पद्धतीत घर विकलं गेल्याशिवाय पैसाच येत नाही, त्यामुळे लहान गावाला ती झेपेल असं मला वाटत नाही. चुकतेय का मी? आणि दंडाच्या पैशातला वाटा मागितला तर शाळांचं उत्पन्न घटेल (मालमत्ता करातला वाटा शाळांनाही जातो) असा आक्षेप हमखास येणार. त्याला उत्तर काय द्यावं?

दुसरं, 2023 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हेनेपिन काउंटीच्या (मिनेसोटा) खटल्यात एकमताने निकाल दिला, की कर थकला म्हणून घेतलेलं घर विकल्यावर थकबाकी वळती करून उरलेली रक्कम काउंटीला स्वतःकडे ठेवता येणार नाही. मला हा निकाल न्याय्यच वाटतो; त्या आजोबांच्या मुलांचं काही निघत असेल तर ते त्यांना मिळायलाच हवं. पण लिलाव न होता घर थेट लँड बँकेकडे आलं तर उरलेली रक्कम ठरवायची कशी? स्वतंत्र मूल्यांकन करून घेतात का? कुणाच्या काउंटीने या निकालानंतर नियम बदलले असतील तर त्याची भाषा बघायला मिळाली तर फार बरं होईल.

प्रस्ताव पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. कच्चा मसुदा इंग्रजीत तयार आहे, वाचायला कुणी वेळ देणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लगेच पाठवते.